‘नाही’ म्हणणाऱ्यांचा वॉर्ड

सुरतेतल्या आमच्या मुलांच्या वॉर्डात किस्से धुवायच्या चादरींसारखे साठतात. त्यात डॉक्टरांनी तापावर संशोधन काढलं. तपासणीचं रक्त घेतो तेव्हा अभ्यासासाठी थोडं जास्त घ्यायचं. आईवडिलांची सही हवी आणि मुलाचंही ‘हो’ हवं. ते विचारायचं काम माझ्याकडे, नर्सकडे!

गोडादऱ्याच्या खान्देशी वस्तीतली एक आई, सुनीताताई. मी समजवायला तोंड उघडते तोच म्हणाली, “ताई, तुम्ही सांगशात तठे सही करस!”

“मी सांगते म्हणून नको हो!”

ती घाबरलीच. “मंग कोन सांगी?”

एका मुलाने आयुष्यात पहिल्यांदा ‘नाही’ म्हटलं आणि ते आम्ही चक्क ऐकलं. पठ्ठ्या खूश! मग दुधाला नाही, अंघोळीला नाही, डिस्चार्जलाही नाही. बाप हात जोडून म्हणाला, “सिस्टर, ये क्या सिखा दिया!”

डॉक्टरांनी ‘हो’ म्हणणाऱ्यांसाठी चॉकलेटं आणली. आमच्या हेडनर्स हंसाबेन कडाडल्या, “साहेब, आ तो लांच कहेवाय!” शेवटी ‘नाही’वाल्यांनाही चॉकलेट मिळालं. एक हंसाबेननी खाल्लं.

आणि सुनीताताईंची आठ वर्षांची भूमी. तिला मी म्हटलं, “नको असेल तर नाही म्हण. मी रागावणार नाही.”

“नाही.”

आईचा चेहरा पडला. “आते दवाई बंद करशात का?”

“औषध तेच, बेड तोच, मीही तीच,” मी म्हटलं. पण तिला ते खरं वाटेना.

डॉक्टर हळूच म्हणाले, “सिस्टर, तुमचं ऐकते भूमी. जरा गोड बोला ना!”

“ऐकते म्हणूनच नाही बोलणार, सर.”

त्यांनी फॉर्म बाजूला ठेवला आणि म्हणाले, “बरोबर आहे.” असे साहेब मिळायला नशीब लागतं, मी आजही त्यांचे आभार मानते.

दुसऱ्या दिवशी भूमीला सलाइन लावायचं होतं. सुई बघून तिने हात पाठीमागे लपवला. आई माझ्याकडे बघत होती.

“हे सायबांच्या अभ्यासाचं?” भूमीने विचारलं.

“नाही गं, तुझ्यासाठी. तू बरी व्हावीस म्हणून.”

तिने हात पुढे केला. नेमकी शीर सापडेना, आणि माझाच हात थांबला.

भूमी माझ्याकडे बघून म्हणाली, “ताई, नको असेल तर नाही म्हणा. मी रागावणार नाही.”