मूकपटातल्या बाईचे ओठ

बाबांना पुण्याला दादाकडे पाठवायचं का, यावर महिनाभर आमच्या जेवणाच्या टेबलावर खल चालला होता. तोही बाबांसमोर बसून! कानाचं मशीन त्यांनी केव्हाच कपाटात टाकलेलं. त्यांना काही सांगायचं तर मी वहीत लिहून दाखवायची, बाकीचं बिनधास्त बोलायची.

शेवटी नवरा म्हणाला, आज काय ते ठरवून टाक. माझं काही ठरेना. डोक्यात नुसता भुंगा. त्यातच कळलं, एका जुन्या मूकपटाची उरलेली एकुलती एक प्रत त्या दुपारी दाखवणार आहेत. प्रेमकथा. म्हटलं, बाबांना याहून काय हवं! के. आर. पुरमच्या ट्रॅफिकमध्ये मी दहादा घड्याळ बघितलं, "स्वल्प बेग, अण्णा", जरा लवकर, असं कानडीत म्हणत ऑटोवाल्याचं डोकं खाल्लं. बाबा ढिम्म.

पण सिनेमा सुरू झाला आणि मी हरखलेच. फिल्मवर ओरखडे, मधली रिळं गायब, तरी ती नायिका काय डोळ्यांनी बोलायची! नायक बोटीवर चढायला निघतो, ती हसून त्याची पेटी त्याच्या हातात देते, काहीतरी म्हणते. मग पडद्यावर इंग्रजी पाटी आली: सुखाने जा. मी सवयीने मोबाइलवर मराठीत लिहायला घेतलं, तर बाबांनी माझा हात दाबला.

"खोटं आहे ते. ती 'जाऊ नका' म्हणाली. अगं, बाई मराठी आहे आपली!"

"तुम्हाला कसं कळलं?" मी नुसतं विचारलं, लिहिलं नाही.

"पीण्या इंडस्ट्रियल एरियात, पत्रा ठोकणाऱ्या प्रेस शॉपमध्ये जन्म गेला माझा. त्या धडधडाटात कोणाला काय ऐकू येणार? सगळे एकमेकांचे ओठच वाचायचे."

म्हणजे टेबलावरचं सगळं! 'आता झेपत नाही', 'अजून किती दिवस', सगळं माझ्याच तोंडचं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढचा सिनेमा मी पाहिलाच नाही.

परतताना ऑटोत बाबा म्हणाले, "पुण्याचं तिकीट काढशील तेव्हा खालचा बर्थ बघ हं." आणि हसले, अगदी त्या बाईसारखे.

"जाऊ नका, बाबा," मी म्हटलं. नुसते ओठ हलले, आवाज फुटलाच नाही.

"बरं," ते म्हणाले.