अर्धी वाटी चहा

मला काय होत होतं हे धड सांगता येत नाही, आणि सगळी अडचण तिथेच होती. घरी सगळं ठीक होतं. बायको बरी होती, मुलगी शाळेत रमली होती, अबू धाबीजवळच्या मुसफ्फ्यातल्या वर्कशॉपमधली माझी वेल्डरची नोकरी पक्की होती. तरी झोप उडाली. घास तोंडात फिरायचा. काम हातात घेऊन उभा राहायचो आणि पुढे काय करायचं तेच सुचायचं नाही. काही दुःख असलं तर माणूस चार लोकांत सांगतो. कारणच नसताना काय सांगणार? दुबईला जाऊन नशीब काढलंस म्हणून गावाने ज्याची पाठ थोपटली (आमच्या गावाला अबू धाबीसुद्धा दुबईच), त्याने जगणं नको झालंय म्हटलं तर लोक हसतील असं वाटायचं.

आमचा गावदेव रवळनाथ. गावात काही अडलं की त्याला कौल लावतात. पाषाणाला फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या; उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. कामगारांच्या कॅम्पमधल्या खोलीत पाषाण कुठला? कपाटाच्या दाराला आतून देवाचा फोटो लावला होता, कामावर जाताना त्याला हात जोडायचो. त्या उन्हाळ्यात तेही सुटलं. एकदा रागानेच म्हणालो, ‘इथे कौल लावता येत नाही, तेव्हा तुझं काय ते तूच सांग.’ त्यानंतर कपाट उघडलं तरी तिकडे बघायचो नाही.

कॅम्पच्या गेटला लागून एका गॅरेजची शेड होती. तिथे रुस्तम नावाचा डिझेल मेकॅनिक होता, उझबेकिस्तानचा, समरकंदच्या बाजूचा. त्याची हिंदी सिनेमे बघून शिकलेली, मोडकी पण बेधडक. आम्ही कोकणातली माणसं त्याच्यासमोरून जाताना ‘येतो रे’ म्हणायचो. आपल्यात निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, हे त्याला कुठून माहीत असणार? त्याला वाटलं, येतो म्हणजे रामराम. निघालेलो आम्ही, स्टुलावर बसलेला तो, आणि वर तोच हात हलवून म्हणायचा, ‘येतो, येतो.’ आम्हाला मजा वाटायची, म्हणून त्याची चूक कुणी सुधारली नाही.

त्या शुक्रवारी सुट्टी होती. जेवून सगळे आडवे झाले होते. माझ्या खोलीतला दत्ताराम, माझ्याच गावचा, घोरत होता. मी धुतलेले कपडे घातले, झोपतानाही हातातून न काढलेलं घड्याळ उतरवून उशीवर ठेवलं आणि बाहेर पडलो. परत यायचं नाही हे मनाशी ठरलेलं होतं. मन अगदी शांत होतं. ती शांतता आज आठवली की मला धडकी भरते.

रुस्तम नमाजहून आला होता, टोपी अजून डोक्यावरच होती. शेडच्या सावलीत किटली घेऊन बसला होता. मी न थांबता सवयीने निरोप घेतला, पण तोंडातून निघालं, ‘जातो.’

तो उठला. ‘क्या बोला?’

‘कुछ नहीं.’

‘नहीं. रोज येतो बोलता. आज दूसरा बोला. ये जातो क्या है?’

अर्थ न सांगताच मी गेटकडे वळलो. त्याने माझा दंड धरला आणि सरळ विचारलं, ‘मरने जा रहा है तू?’

इतक्या महिन्यांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. विचारल्यावर खोटं बोलता आलं नाही. मी ‘हां’ म्हणालो.

तो घाबरला नाही, उपदेशही केला नाही. ‘बैठ,’ म्हणाला. बिनकानाच्या वाटीत त्याने हिरवा चहा ओतला, तोही जेमतेम अर्धा. संपला, परत अर्धा. त्या अवस्थेतही माझ्या मनात आलं, काय चिकट माणूस आहे. शेवटी म्हणालो, ‘भाई, पूरा भर दे, खलास.’

‘हमारे उधर पूरा भरना मतलब, मेहमान, अब उठो. आधा मतलब बैठो, मैं फिर देगा.’

मग त्याने त्याच्या थोरल्या भावाचं सांगितलं. ‘कारखाना बंद हुआ. भाई चुप हो गया. सब देखा, कोई पूछा नहीं. हमारे उधर ये बात घर में कोई बोलता नहीं. मैं भी नहीं पूछा.’ त्याने किटली खाली ठेवली. ‘भाई गया. अब मैं पूछता है.’

मी रडलो. तो अर्धी अर्धी वाटी भरत राहिला. उशीवरचं घड्याळ बघून दत्ताराम अनवाणीच पळत आला. रुस्तमने त्याला सगळं सांगितलं. ‘माका आधी कित्याक सांगूक नाय?’ एवढंच तो म्हणाला आणि माझ्या शेजारी बसला.

दुसऱ्या दिवशी दत्ताराम रजा टाकून मला डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, हा आजार आहे, कावीळ होते तसा. औषधाने उतरेल, वेळ लागेल. वेळ खरंच लागला. तोवर त्या दोघांनी मला एकटं सोडलं नाही. मी आंघोळीला गेलो तरी दत्ताराम दाराबाहेर भजन म्हणत उभा, आणि त्याचा आवाज असा की लवकर बाहेर यावंच लागायचं. पुढे सुट्टीवर गेलो तेव्हा बायकोला सगळं सांगितलं. कुणी हसलं नाही. ‘एवढं एकट्याने कशाला सोसलंत?’ म्हणाली.

परत आल्यावर एका सकाळी कपाट उघडलं आणि फोटोला हात जोडले. मी उजव्या पाकळीची वाट बघत बसलो होतो, आणि देवाने मराठीतला एकच शब्द येणाऱ्या माणसाला सावलीत बसवून ठेवलं होतं. कुणी म्हणेल, माणूस चौकस होता, एवढंच. म्हणू दे. मी वाद घालत नाही.

काही वर्षांनी रुस्तम कायमचा मायदेशी निघाला. त्या दिवशी चहा मी केला आणि त्याची वाटी अर्धीच भरली. तो हसला. गाडी आली तेव्हा बॅग उचलून म्हणाला, ‘येतो.’ इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो शब्द त्याने बरोबर वापरला. त्यानंतर त्याची काही खबर नाही.

आता मी गावी असतो. मध्ये एकदा तो आजार पुन्हा डोकं वर काढू लागला. त्याच दिवशी बायकोला सांगितलं आणि कुडाळला डॉक्टरकडे गेलो. जायचं कधी, ते ठरवणं मी रवळनाथावर सोडलं आहे. संध्याकाळी देवळाची पायरी उतरताना मागे वळून त्याला रोज सांगतो, ‘येतो.’