उन्हाळ्यात कमावलेले हात

कॉलेजच्या पहिल्या वर्षी आमची बास्केटबॉलची शेवटची मॅच सौसरला झाली, आणि त्या मॅचमध्ये मी सारखी पडत होते. बोर्डाखाली बॉलसाठी उडी मारली की समोरची दणकट मुलगी नुसता खांदा लावायची आणि मी मातीत. उंची होती माझ्याकडे, अंगात जोर नव्हता. पांढुर्ण्याला परतताना बसमध्ये खरचटलेले गुडघे पुसत बसले होते, तेव्हा आमचे खेळाचे सर पुढच्या सीटवरून वळून म्हणाले, "उन्हाळ्यात अंग कमाव. जुलैमधी जिल्ह्याच्या टीमची निवड आहे. अशीच आली तर कोणी घेणार नाही तुले."

"अंग कमावल्यानं खेळ सुधरते का सर?"

"सुधरंल बी, नाही बी. कोणाकोणाचा हात जड होते अन् नेम जाते. पण तू तं आता उभीच नाही राहून राहिली."

सरांच्या या उत्तराने माझा अख्खा उन्हाळा नासवला. हो म्हणावं, नाही म्हणावं, एक काहीतरी सांगावं ना माणसाने!

त्यात अठरा वर्षांच्या मुलीने अंग कमवायचं कुठे? आखाडा पोरांचा. खोलीची कडी लावून जोर काढायला लागले, की आई दार वाजवायची, "आत काय करून राहिली वं?" शेवटी मला घरकामच सापडलं. मागच्या विहिरीचं पाणी मी एकटी ओढायला लागले. भरलेल्या बादल्या दोन्ही हातांत धरून, खांदे ताठ ठेवून चालायचं. वाळवणाचे गहू पोत्यातून गच्चीवर न्यायचे, संध्याकाळी खाली आणायचे. अंडी आमच्या घरात यायची नाहीत, म्हणून भिजवलेले चणे मूठ मूठ खायचे. आईला वाटलं, पोरीला अक्कल आली. भिंतीपलीकडच्या काकूंना ती मोठ्या आवाजात सांगायची, "आमच्या पोरीले कामाचं वळण लागलं बाप्पा!" ते ऐकलं की मी बादल्या उचलून पुन्हा विहिरीकडे सटकायचे. बास्केटबॉलसाठी चाललंय हे तिला कळलं, तर विहीरही बंद आणि कॉलेजचं मैदानही बंद.

दंड तर मी दिवसभर चाचपत असायचे. सकाळी वाटायचं, काहीच वाढला नाही, निवड गेली. संध्याकाळी आंघोळीला बसले की वाटायचं, फारच वाढला, आता कोण लग्न करेल? लग्न नकोच होतं असं नाही, आत्ता नको होतं. एकाच दंडाची ही दोन्हीकडून काळजी कोणाला सांगणार?

मे महिन्यात मोहगावला आतेबहिणीचं लग्न निघालं. शिंप्याला मापासाठी मागच्या वर्षीचा ब्लाउज दिला होता. नवा आला तो दंडावरच अडकला. आईने शिंप्याचा उद्धार केला आणि मी तो मुकाट्याने होऊ दिला. आतली शिलाई उसवून कसाबसा अंगात घातला. लग्नघरी दोन बायका पाण्याने भरलेला मोठा गंज, म्हणजे पातेलं, हलवायला धडपडत होत्या. मी विचार न करता पुढे झाले, उचलला आणि चुलीजवळ नेऊन ठेवला. शेजारी उभ्या असलेल्या एका मावशींनी माझा दंडच धरला. दाबून पाहिला.

"कोणाची पोरगी वं हे?"

मी गारठले. आई म्हणाली, "माही."

"हात चांगला आहे पोरीचा," एवढंच म्हणून त्या गेल्या. सुटले, असं वाटलं मला. किती खुळी होते!

कॉलेज उघडलं आणि पहिल्याच दिवशी मी फेकलेला बॉल बोर्डावरून पलीकडे झाडीत गेला. दुसराही. उन्हाळाभर दोर ओढला होता, बॉलला हात लावला नव्हता. गेला नेम, असं म्हणून मी तिथेच रडायला लागले. सरांनी मला बास्केटच्या अगदी जवळ उभं केलं आणि तिथून फेकायला लावलं, मग रोज थोडं थोडं मागे. जोर नवा होता, हाताला त्याची सवय व्हायला आठवडे लागले. बोर्डाखाली मात्र फरक पडला होता. खांदा लागला तरी पाय जागचे हलत नव्हते. पण तेवढ्यावर घेतील का? याचं उत्तर सरही देईनात.

निवडीच्या आदल्या आठवड्यात बाबा जेवताना म्हणाले, "रविवारी बोरगावचे लोक येऊन राहिले, तुले पाहाले. मोठं घर आहे, संत्र्याचा बगीचा आहे. काम करणारी पोरगी पाहिजे त्यांना. त्यांच्या बाईनं तुले मोहगावले पाहिलं म्हणे."

निवड सौसरला, रविवारीच.

"बाबा, मी पाणी घरासाठी नाही भरलं. खेळासाठी भरलं," मी म्हणाले आणि सगळं सांगून टाकलं.

आईचा चेहरा खर्रकन उतरला. उन्हाळाभर तिने गल्लीत माझं कौतुक केलं होतं. ते पाहून मला फार वाईट वाटलं.

"निवड होईल याची खात्री आहे तुले?" बाबांनी विचारलं.

"नाही."

"अन् हे लोक तं स्वतः होऊन येऊन राहिले." बाबा हात धुवायला उठले. जा म्हणाले नाहीत, जाऊ नको म्हणाले नाहीत.

रविवारी सकाळी पिशवी घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहिले. आई पोह्यांसाठी कांदा चिरत होती. वर न बघता म्हणाली, "जा. मी सांगीन काहीतरी."

सौसरच्या बसमध्ये बसले. आपण काय घालवून बसलो, हेच डोक्यात. मॅचमध्ये पहिले दोन बॉल चुकले. पण मी पडले नाही, बोर्डाखालचे बॉल सोडले नाहीत. नावं वाचली तेव्हा माझं अगदी शेवटी आलं.

संध्याकाळी घरी आले तर बाबा ओसरीवर बसले होते, माझ्याकडे बघितलं नाही. आत पोह्यांची कढई झाकलेली, भरलेली.

"आलं नाव?" आईने विचारलं.

"आलं."

"बाहेरगावी गेली म्हणणार होती मी. पण तोंडातून निघालं, खेळाले गेली. मग ते नुसता चहा पिऊन उठले." तिने कढईवरचं झाकण काढलं. "आता यापुढं कोणी आलं, तं काय सांगू मी?"

मी पिशवी खाली ठेवली. तिने माझ्यासमोर ताटली ठेवली आणि पोहे वाढले. एवढं सगळं होऊनही मला सपाटून भूक लागली होती, त्याचीच लाज वाटत होती. मी खाली मान घालून पाहुण्यांचे पोहे खात राहिले आणि ती वाढत राहिली.