लघवीच्या गोळीवर काविळीचं पथ्य

शाळा मी दुसरीपर्यंत पाहिली. तरी ज्याला एकाच रोगाचं पथ्य ठाऊक आहे आणि ते तो दिसेल त्या रोग्याला लावतो, असा माणूस मूर्ख असतो हे ओळखायला मला तिसरीत जावं लागलं नाही. माझ्या बायकोचा भाऊ तसा होता.

नव्वद सालानंतरची गोष्ट. उन्हाळ्यात माझ्या पायांवर सूज आली. बोट दाबलं की खड्डा पडे. चामोर्शीला बाजाराच्या दिवशी एक डॉक्टर बसायचा. त्यानं बीपी पाहिला, जास्त लघवी व्हायची गोळी दिली, "मीठ कमी करा" म्हणाला आणि पुढच्याला हाक मारली. काऊन कमी, बाकी काय खायचं, एक शब्द नाही. मीठ कमी करा म्हणे! जन्मात कधी उन्हात नांगर धरला नसेल त्यानं. मी गोळी घरी आणली आणि त्याचा सल्ला तिथंच बाजारात टाकून आलो.

सूज उतरली. तेवढ्यात साळा मला पाहायला म्हणून आला आणि मुक्कामच ठोकला. त्याच्या थोरल्या भावाला पूर्वी कावीळ झाली होती. तेवढ्या भांडवलावर तो वैद्य झाला होता. चुलीजवळ बसून बहिणीला सांगू लागला:

"बाई, भाऊजीले डाळ देऊ नोको. भाजीपाला बंद. केळ बंद, अंबाडी तं घरात आणू बी नोको. इंग्रजी दवाई गरम रायते."

"मंग देऊ काय?"

"भात दे, पेज दे. मीठ मोकळ्या हातानं टाक, तोंडाले चव येते."

मीठ शाबूत राहिलं म्हणून मी ते पथ्य पत्करलं. सकाळी खारट पेज, दुपारी मीठभात, संध्याकाळी परत पेज. वरून ती गोळी.

पाऊस लागला तशी पायांतली ताकद गेली. पोटऱ्यांत गोळे येत. उकिडवा बसलो की उठताना खांब धरावा लागे. पोट साफ होईना. साळ्यानं माझ्याकडं पाहिलं, जसं बाजारात म्हाताऱ्या बैलाकडं पाहतात, आणि म्हणाला, "वय झालं आता, भाऊजी. यंदा धानाच्या बांध्या माह्या पोराले ठेक्यानं देऊन टाका."

मला मुलगा नाही. पोरी आपापल्या घरी. साळा मुक्काम ठोकून काऊन बसला होता, ते तेव्हा कळलं. एकदा ठेक्यानं गेलेली बांधी सोयऱ्याकडून परत कशी येते, ते मी गावात पाहिलं होतं.

धानाचे पऱ्हे वाफ्यात वाढून रोवणीला आले होते. चिखलणी मीच करणार म्हणून बैल जुंपले. पहिल्याच तासाला गुडघे गेले आणि मी चिखलात बसलो. बैल आपोआप थांबले. त्या घरात अक्कल त्यांनाच होती.

बायकोनं मला एसटीत घालून गडचिरोलीच्या दवाखान्यात नेलं. तिथं एक तरुण डॉक्टरीन बाई होती. तिनं रक्त तपासलं आणि विचारलं, "बाबा, खाता काय?" बायकोनं सगळं पथ्य अभिमानानं सांगितलं.

"हे कोणी सांगितलं?"

"माह्या भावानं."

"डॉक्टर आहे का तो?"

"नाई," मी म्हणालो, "त्याच्या भावाले कावीळ झालती."

नर्स तोंड फिरवून हसली. बाई हसली नाही. म्हणाली, रक्तात पोटॅशियम फार उतरलंय. ही गोळी मीठ-पाणी बाहेर काढते. तुम्ही जितकं मीठ खाल, तितकं ते किडनीतून जोरानं वाहतं, आणि त्या ओघात पोटॅशियम जास्त जातं. ते भरून येतं डाळीतून, भाजीतून, केळ्यातून. तेच तुम्ही बंद केलं. आता मीठ कमी करा आणि ते सगळं सुरू करा.

"म्हणजे वरच्या बांधीचं पाणी जोरात सोडलं आन् खालच्या बांधीतलं खत वाहून गेलं," मी म्हणालो. "आन् साळ्यानं नवीन खत टाकू नाई देल्लं."

"असंच समजा."

"मंग बाजारातल्या डॉक्टरानं हे काऊन नाई सांगतलं?"

तिनं एक घाण चवीचं औषध दिलं आणि बजावलं, "तुमची किडनी चांगली आहे म्हणून केळं खा म्हणते. ज्याची बिघडली त्याला हेच बाधतं. गावात पथ्य वाटत फिरू नका." ही एक बाई मला शहाणी भेटली.

बिनमिठाची डाळ म्हणजे डबक्याचं पाणी. अंबाडी अळणी खाल्ली, चवळी अळणी खाल्ली, बायकोवर रोज ओरडलो आणि ताट रिकामं केलं. साळा समोर बसून पाहायचा. मी कधी पडतो याचीच वाट पाहत असेल.

पऱ्हे वाढून गेले, पण पाय आले. मी बैल घेऊन बांधीत उतरलो. साळा छत्री घेऊन वर कोरड्या धुऱ्यावर उभा.

"भाऊजी, डाळ-भाजी खाऊन बी उभे हा?"

"उभा नाई, चालून राह्यलो. ये खाली, पऱ्ह्याच्या पेंढ्या फेक."

त्यानं आपल्या चपलांकडं पाहिलं. "मले दुपारची बस पकडा लागते."

"पकड," म्हटलं आणि बैल वळवले.