डाव्या हातातला हात

सोमवारच्या माझ्या पोस्टमध्ये एक चूक आहे, ती आधी दुरुस्त करते. रविवारी प्रार्थनेच्या वर्तुळात माझ्या डावीकडे एस्तेर नव्हती...

ज्यांनी ती पोस्ट वाचली नाही त्यांच्यासाठी सांगते. सांगलीतल्या आमच्या चर्चच्या तरुण संघात मी मुलींची ताई आहे. संध्याकाळी दिवे घालवून, हात धरून, डोळे मिटून आम्ही प्रार्थनेला बसतो. जो आला नाही त्याची जागा मोकळी ठेवायची, ही आमची रीत. उशिरा येणारा हळूच तिथे येऊन बसतो.

माझ्या डावीकडची जागा एस्तेरची. आई गेल्यापासून ही मुलगी माधवनगरला मावशीकडे असते. कुणाशी बोलत नाही, कुणाचा हात धरत नाही.

त्या दिवशी मध्येच एक गार, बारीक हात माझ्या हातात आला... आणि त्याने माझा हात घट्ट दाबला. दिवे लागले तेव्हा जागा रिकामी होती. बस गाठायला पळाली असेल, असं समजून मी आनंदाने सगळं लिहून टाकलं.

काल संघातला सॅमसन म्हणाला, "ताई, पोस्ट लय भारी! पन एस्तेर आलीच कवा? त्या जागेच्या पलीकडं मीच हुतो की. कुनी न्हाई आलं."

"मग हात कुणाचा होता?"

"आता मला भ्या घालू नका हं!"

सगळी मुलं हसली. मला हसू येईना...

शाळेआधी मला आईनेच घरी शिकवलं. नकळत खोटं बोललीस तरी जिथे बोललीस तिथेच ते दुरुस्त कर, असं ती सांगायची. पण ही दुरुस्ती लिहिण्याआधी खात्री करावी म्हणून एस्तेरच्या मावशीला फोन लावला आणि रविवारी ती आली होती का, असं विचारलं.

"न्हाई ओ ताई, तवा तिला ताप हुता," मावशी म्हणाल्या. "पन तुमच्या प्रार्थनेच्या टायमाला उठून बसली. डोळं मिटून, हात असा बाजूला करून. म्हनलं, काय करतीस गं? तर म्हनली, ताईंनी धरलाय."

मी माझ्या डाव्या हाताकडे पाहिलं.

"आता तिकडं यायलाच नको म्हनती. ताई रोज हितंच येत्यात म्हनं..."

तो हात कुणाचा, मला माहीत नाही. पण रोज तिच्याशेजारी जी कुणी ताई बसते, ती मी नाही. जागा मोकळी ठेवली की आपलं काम झालं, असं मला वाटायचं.

मी माधवनगरला जाणार आहे. दिवसाउजेडी, दार वाजवून... येत्या शनिवारी.