वरणातला फोन

आमच्या बाबांचा फोन वरणात पडून वारला.

ताईचं साक्षगंध होतं. आमच्या आर्णीकडे पंगतीत मुलीच्या बापाने स्वतः वाकून वाढलं नाही, तर पाहुण्यांना जेवल्यासारखं वाटत नाही. बाबा आग्रह करायला वाकले, शर्टाचा खिसाही वाकला, आणि फोन थेट बादलीत! (ते वरण पुढे वाढलं की नाही, हे मी आजपर्यंत विचारलेलं नाही.) फोटोग्राफरची गाडी नेमकी वाटेत बंद पडली होती. म्हणजे अंगठ्या घालतानाचे फोटो फक्त त्या फोनमध्ये!

फोन धुतला, पुसला, तांदळाच्या डब्यात ठेवला. तो वाजायचा, बोट सरकवलं की बोलायचाही. पण पडदा काळा ठिक्कर. ताईने रडायला सुरुवात केली.

"काहून रडून राह्यली बाई?" काका म्हणाले. "आपली मिनू इंग्रजी शाळेतली हाये ना! लावंल केबल, काढंल फोटो!"

शाळेत मला 'मे आय कम इन' शिकवलं होतं. फोनच्या आत कसं शिरायचं, ते नाही. पण चारचौघांत 'नाही' म्हणायची मला भीती वाटते, म्हणून मी निमूट कॉम्प्युटर सुरू केला.

केबल लावली. फोन चार्ज होऊ लागला, बाकी काही नाही.

"कॉम्प्युटरला आत घेऊ का, असं फोन विचारत असेल," मी पुटपुटले. "पडद्यावर 'अलाऊ' दाबावं लागतं. पण ते दिसतच नाही."

"दिसत नाही तं काय झालं!" म्हणत बाबांनी अंदाजाने दाबायला सुरुवात केली. वर, खाली, मधोमध. आणि मेलेला फोन अचानक बोलला, "हॅलो! बोला भाऊसाहेब!"

ताईचे होणारे सासरे! वणीहून!

"काही नाही, सहज," बाबा म्हणाले. "जेवण झालं काय?"

"आत्ता तं चहा झाला, भाऊसाहेब! अन् फोटो कवा पाठवता?"

"निघालेच समजा!"

ताईने आणखी मोठा गळा काढला. त्या आवाजातच मला सुचलं. आमच्याकडे दोघा भावांना सगळं सारखंच घ्यायचा नियम आहे, जावाजावांत कुरबूर नको म्हणून. सारख्या गाड्या, सारखे स्वेटर, सारखे फोन! मी काकांचा फोन केबलला लावला, पडद्यावर आलेलं 'अलाऊ' दाबलं, आणि कॉम्प्युटरवर फोटोच फोटो!

"आले!" बाबा ओरडले. ताई धावत आली. पहिल्या फोटोत सोयाबीनवरची अळी. दुसऱ्या फोटोत तीच अळी, जवळून.

"थो माह्या फोन हाये," काका म्हणाले. "अळी दुकानदाराले दाखवाची होती."

"माहीत आहे मले!" मी ओरडले. (मी! घरभर माणसं असताना!) "फक्त 'अलाऊ' कुठं येते ते पाहाचं होतं. टिकली द्या कोणीतरी!"

आईने कपाळावरची काढून दिली. काकांचा फोन पुन्हा लावला, दोन्ही फोन शेजारी ठेवले आणि 'अलाऊ' जिथे उगवलं, तिथेच बाबांच्या काळ्या पडद्यावर टिकली चिकटवली. मग केबल काढून बाबांच्या फोनला लावली.

"दाबा!"

गौरीला कुंकू लावावं तसं बाबांनी टिकलीवर बोट टेकवलं.

टिंग!

साक्षगंध उघडलं! ताई रडतच हसायला लागली, आईने मला जवळ ओढलं, काकांनी गल्लीत जाऊन जाहीर केलं, "पाह्यलं? इंग्रजी शाळा!" मी तर फोनने विचार बदलायच्या आत सगळेच्या सगळे फोटो वणीला पाठवून मोकळी झाले. न बघता!

व्याह्यांनी त्यातला अंगठीचा फोटो मोठा करून बैठकीत लावलाय. नंतर मी तो पाहून आले. बाबांच्या कॅमेऱ्याने नेम जरा मागे धरला होता. अंगठी धूसर, नवरानवरी धूसर, आणि मागे, आपल्याला कोणी बघत नाही या खात्रीने आख्खा गुलाबजाम तोंडात कोंबणारी मी, हनुवटीवरच्या पाकाच्या थेंबासकट लख्ख!