हात मागे बांधलेला सर्जन

औषधांच्या दुकानाच्या वर ज्यांचं छोटंसं हॉस्पिटल आहे, त्या सर्जनना सगळी गल्ली झटपट डॉक्टर म्हणते. अर्थात पाठीमागे. तोंडावर 'डॉक्टरसाहेब', कारण कुणाचं अपेंडिक्स कधी फिरेल सांगता येत नाही. टोपणनाव मात्र त्यांनी स्वतः कमावलेलं. नातेवाईक खाली चहा सांगून वर येतात तोवर यांनी पित्ताशय काढून डबीत घातलेलं असतं.

बायको भूलतज्ज्ञ, त्यांच्याच थिएटरात. दोघं एका कॉलेजातले, त्यामुळे 'अहो' तिच्या तोंडी कधी बसलंच नाही. "पेशंटला मी झोपवते, याला कोण झोपवणार?" असं ती चारचौघांत विचारते आणि हे कान लाल करून हसतात.

तर या सुखी माणसाच्या पायाला मध्येच भिंगरी लागली. जेवताना उठायचं, खिडकीशी जायचं, परत बसायचं, मांडी हलवत राहायचं. टेबलावरचं पाणी हिंदकळायला लागलं की बायको त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवायची. गल्लीने दोन दिवसांत निदान केलं: मधुमेह. तिसऱ्या दिवशी सुधारून: भानगड.

भानगड होतीच, पण वेगळी. त्यांचा जुना असिस्टंट कित्येक वर्षं टेबलापलीकडे उभा राहून स्वतःचा दवाखाना काढायला गेला होता. त्याने एक साधा हर्नियाचा पेशंट परत यांच्याकडेच धाडला. डॉक्टर फोनवर भडकले, "अरे, एवढं तू डोळे मिटून करशील!"

"सर, पाहिलंय खूप," तो चाचरत म्हणाला, "केलं कधीच नाही. तुम्ही सुरी दिलीत कुठे?"

ते हाडाला लागलं. इतकी वर्षं दोन हात चालवले आणि तिसरा हात तयार केला नाही! मग शिकवायचं वेड घेतलं. मेडिकल कॉलेजच्या मोठ्या हॉस्पिटलात सर्जरीच्या प्राध्यापकाची जागा रिकामी होती. अट एकच, पूर्णवेळ. म्हणजे दुकानावरचं हॉस्पिटल बंद.

"बंद कर," बायको म्हणाली. "मला भूल द्यायला टेबलं खूप आहेत. पण तुला गप्प उभं राहता येईल का, ते आधी बघ."

तिथल्या विभागप्रमुख बाईंनीही तेच सांगितलं. पांढऱ्या केसांची, सावकाश बोलणारी बाई. "तुमचे हात कसे चालतात ते मला माहीत आहे. थांबतात कसे, ते दाखवा. एका शिकाऊ डॉक्टरला ऑपरेशन करू द्या. तुम्ही मदतीला."

पहिल्या वेळी काय झालं, ते नर्सेसनी पसरवलं आणि गल्लीने चवीने खाल्लं. शिकाऊ मुलगी कात्री धरून जरा थबकली, इतकीच थबकली, आणि यांनी ती तिच्या बोटांतून कशी काढून घेतली ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. भानावर आले तेव्हा हर्नियाची जाळी बसवून झाली होती. मुलगी बाजूला उभी, बाई दाराशी.

"ऑपरेशन सुंदर झालं," बाई म्हणाल्या. "परीक्षा गेली. पुढच्या आठवड्यात आणखी एकदा या. त्यानंतर मी दुसरं माणूस बघेन."

तो आठवडा घराने सोसला. त्यांची लेक गाडी शिकत होती. बायकोने मुद्दाम यांना शेजारी बसवून पाठवलं, सवय व्हावी म्हणून. पहिल्याच वळणावर यांचा हात स्टिअरिंगवर.

"बाबा!"

"मी काही केलं नाही."

"मग हा हात कुणाचा?"

त्यांनी हात मांडीखाली दाबून धरले. मग पाय सुरू झाला, नसलेला ब्रेक दाबत. घरी आल्यावर लेक आईला म्हणाली, "मी गाडी चालवली, बाबा घामाघूम झाले." डॉक्टरांना हसू आलं नाही. संध्याकाळभर ते गच्चीवर येरझाऱ्या घालत होते. हात माझं ऐकत नसतील, तर मी कुणाला काय शिकवणार?

दुसऱ्या वेळी हर्नियाचा पेशंट होता एक रंगारी. कमरेतून भूल दिलेली, म्हणजे कमरेखाली बधिर आणि वर टक्क जागा; पडद्याआड नुसतं डोकं. शिकाऊ मुलगी तीच. तिने चीर घेतली. डॉक्टरांना हात पाठीमागे न्यायची सोय नव्हती, निर्जंतुक हात छातीसमोरच ठेवावे लागतात. त्यांनी एकमेकांत बोटं अडकवून टाकली.

हर्नियाच्या पिशवीपाशी मुलगी अडखळली. इथूनच वीर्यनलिका जाते, ती सांभाळून पिशवी सोडवायची. यांचे हात शिवशिवले. बोटं सुटली, पुढे झाली, हवेत थांबली आणि मागे आली.

"हे असं... नाही, तसं नाही. असं."

"कसं, सर?"

"अगं, असं!"

पडद्याआडून आवाज आला, "डॉक्टर, असं म्हणजे कसं? माझाही जीव टांगलाय."

थिएटरात खसखस पिकली. डॉक्टर मात्र घामेजले. हजार वेळा केलेली गोष्ट, आणि तिला तोंडात शब्द नाही! हात नाहीत म्हटल्यावर उरलं काय, तर असं आणि तसं. त्यांनी डोळे मिटले. आपली बोटं तिथे काय करतात, ते एकेक करून आठवलं.

"कापू नकोस," ते हळू म्हणाले. "ओली घडी उलगडतात तसं सोडव. बोटाला गोल दोरीसारखं काही लागतंय?"

"लागतंय."

"ती नळी. तिला तुझ्याकडे ठेव, पिशवी माझ्याकडे लोट."

एक बारीक रक्तवाहिनी सुटली, लाल ठिपका पसरला. त्यांचा हात पुन्हा उडी मारून गेला आणि वाटेतच मुठीत मिटला. "दाब. नुसतं दाब. आता श्वास घे. हां, मीही घेतो."

झटपट डॉक्टरांनी दोन ऑपरेशनं उरकली असती इतका वेळ लागला. रंगारी मध्ये झोपून उठला. पण शेवटचा टाका मुलीनेच घातला.

बाई दाराशी होत्याच. "हात किती वेळा पुढे आला, मोजायचं सोडून दिलं मी."

"परत नेला, बाई."

"ते पाहिलं. खाजगी हॉस्पिटल कधी बंद करताय?"

बाहेर येऊन त्यांनी बायकोला फोन लावला. "जागा मिळाली."

"मग आवाज असा का?"

"हात थरथरतायत गं."

"इतकी वर्षं कापलंस, तेव्हा नाही थरथरले ते!"

"तेव्हा मी त्यांना अडवलं कधी?"

शिकाऊ मुलगी मागोमाग बाहेर आली, तोच व्हरांड्यात रंगाऱ्याची बायको धावत आली. ऑपरेशन यांनीच केलं, हेच ऐकायची सवय असलेल्या या माणसासमोर तिने हात जोडले. "डॉक्टर, तुम्हीच केलंत ना?"

मान हलणारच होती. "नाही," ते म्हणाले. "हिने केलं. मी फक्त बडबड केली."

रंगाऱ्याच्या बायकोने मुलीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग तिचेच हात धरले. मुलगी कावरीबावरी. डॉक्टर एका पायावरून दुसऱ्या पायावर.

ती निघून गेल्यावर मुलीने विचारलं, "सर, उद्या पित्ताशयाची केस आहे. कोण करणार?"

डॉक्टरांची बोटं शिवशिवली, त्यांनी ती एकमेकांत अडकवली.

"सकाळी विचार," ते म्हणाले, आणि लिफ्ट सोडून जिन्याने तरातरा उतरले.